साडेनऊ इंच सावली

पनवेल तालुक्यातल्या खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी झालेल्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात ऊन लागून १४ माणसं गेली. त्यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. सरकार कोणाचं, मंचावर कोण होतं, राजीनामा कोणी द्यायचा, यावर आठवडाभर वाहिन्या तापल्या आणि मग विषय मागे पडला. मला मात्र त्या रविवारचं घड्याळ सुरुवातीपासून पुन्हा फिरवून पाहायचं आहे. दरड क्षणात कोसळते, भूकंप सांगून येत नाही. उन्हाचं तसं नाही. अमुक तारखेला अमुक वाजता सूर्य डोक्यावर किती चढलेला असेल, हे वर्षभर आधी काढून ठेवता येतं. त्यामुळे त्या दिवसाचा प्रत्येक तास आधीच वाचता येण्यासारखा होता.

२८ फेब्रुवारी, ४७ दिवस आधी

कमाल तापमानाच्या सरासरीत २०२३चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी हवामान खात्याने सांगितलं, की मार्च ते मे या काळात देशाच्या बऱ्याच भागांत उष्णतेच्या लाटांची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्य खात्याचं पत्र सगळ्या राज्यांना गेलं. १ मार्चपासून उष्णतेच्या आजारांची रोजच्या रोज नोंद करा, दवाखान्यांत ओआरएस, सलाइन, बर्फाच्या पिशव्या यांचा साठा ठेवा, असं त्यात होतं.

म्हणजे कागद वेळेवर निघाला होता. आपल्याकडे इशारा देणारं खातं आता चांगलं काम करतं, याबद्दल मला शंका नाही. पण तो इशारा वाचून एखाद्या ठरलेल्या कार्यक्रमाची तारीख किंवा वेळ बदलायला लावील, असा अधिकार कोणाच्या टेबलावर आहे? आरोग्य खातं दवाखान्याला पत्र लिहितं. मंडप, मंच आणि वेळ ठरवणाऱ्या खात्याला ते पत्र जातं की नाही, आणि गेलं तर तिथे ते कोण उघडतं, यावर बरंच काही अवलंबून असतं.

एप्रिलचा पहिला पंधरवडा

ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना राज्याचा सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला होता. रेवदंड्याच्या या घराण्याला मानणारे श्रीसदस्य गावोगाव आहेत. वृक्षलागवड, स्वच्छता मोहिमा, रक्तदान अशा कामांत ते शांतपणे, शिस्तीने राबतात, हे रायगड-ठाण्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते लाखोंच्या संख्येने येणार, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच खारघरचं कॉर्पोरेट पार्कचं ३०६ एकरांचं मैदान निवडलं गेलं.

पाण्याची, वैद्यकीय पथकांची, रुग्णवाहिकांची सोय केली होती, असं सरकारने सांगितलं. मैदानभर पडदे आणि ध्वनिक्षेपक होते. छप्पर मात्र मंचावर आणि मान्यवरांवर होतं. श्रीसदस्यांच्या डोक्यावर आकाश होतं.

३०६ एकरांवर मांडव घालणं अवघड आहे, हे मान्य. पण मांडव घालता येत नाही हे कळल्यावर दुसरा उपाय हाताशी होताच, आणि त्याला एक रुपयाही लागत नव्हता. वेळ बदलायची. हाच कार्यक्रम सकाळी सातला सुरू करून साडेआठला संपवता आला असता, किंवा संध्याकाळी सहानंतर घेता आला असता. जानेवारीत घेता आला असता. कोकणातला शेतकरी चैत्रात राब भाजायला जातो तो उन्हं चढायच्या आत परततो. पंढरीच्या वाटेवर पालखी पहाटे निघते आणि दुपारी विसावा घेते. जून-जुलैच्या ढगाळ हवेतही वारकऱ्यांच्या वाटचालीत दुपारच्या विसाव्याला जागा राखलेली असते. हे शहाणपण आपल्या मातीत शेकडो वर्षं मुरलेलं आहे. वेळ कोणी ठरवली, यावर नंतर एकमेकांकडे बोटं दाखवली गेली. त्यातलं खरं-खोटं मी इथे करत नाही. कार्यक्रम सरकारी होता, आणि सरकारी कार्यक्रमाच्या वेळेची जबाबदारी सरकारचीच असते.

आणखी एक. १६ एप्रिलला चैत्र वद्य एकादशी होती. वरुथिनी एकादशी. भाविकांच्या एवढ्या मोठ्या मेळाव्यात किती जण उपवास करून येतील, हा प्रश्न पंचांग उघडणाऱ्या कोणालाही पडला असता.

१५ एप्रिल, शनिवार, संध्याकाळ

गाड्या निघाल्या. बस, टेम्पो, खासगी मोटारी. कोकणातून, ठाणे-पालघरमधून, पुणे-नाशिककडून, त्याही पलीकडून. जागा मिळावी म्हणून पुष्कळ जण रात्रीच मैदानात येऊन बसले.

एक बाई डोळ्यांसमोर आणू. ती खरी कोणी एक नाही, पण तिच्यासारख्या हजारो तिथे होत्या. वय साठीच्या पुढे. उंची पाच फूट. पिशवीत एक पाण्याची बाटली, एक सतरंजी, डब्यात थोडं खाणं, आणि कागदाच्या पुडीत बांधलेली रक्तदाबाची गोळी. बसमध्ये तिला धड झोप लागलेली नाही. पाणी ती बेतानेच पिते, कारण वाटेत बायकांना कुठे जाता येईल याचा भरवसा नसतो. ही सवय तिला मुलगी होती तेव्हापासूनची आहे. गर्दीच्या ठिकाणी आपल्या बायका तहान मारतात, हे गर्दीचं नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवं. पाण्याचे नळ मोजून भागत नाही. बायकांसाठी शौचालयं किती आणि ती बसण्याच्या जागेपासून किती पावलांवर, हे मोजलं नाही तर नळाचं पाणी नळातच राहतं.

१६ एप्रिल, सकाळी सहा-वीसच्या सुमारास

सूर्योदय. मैदानावर उजेड पसरतो. हवा ओलसर आहे. विदर्भातल्या आणि कोकणातल्या उन्हाळ्यात जो फरक आहे तो या ओलाव्याचा. नागपूर-चंद्रपूरचा माणूस ४४ अंश सोसतो आणि मुंबईच्या ३६ अंशांत गुदमरतो, ते उगाच नाही. घाम सुकला तर अंग थंड होतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. तो ओघळलेला घाम शरीराच्या काही कामाचा नाही. पाणीही गेलं आणि थंडावाही मिळाला नाही.

हवामान खात्याला हे ठाऊक आहे. म्हणून उष्णतेच्या लाटेचे निकष त्याने वेगवेगळे ठेवले आहेत. मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून पुढे विचार होतो, किनारपट्टीला ३७ पासून, आणि दोन्हीकडे तापमान नेहमीपेक्षा किती वाढलं हेही पाहिलं जातं.

सकाळी आठ

सूर्य क्षितिजापासून साधारण साडेबावीस अंश वर. आपल्या बाईची सावली बारा फूट लांब पडली आहे. शेजारच्या दोघी तिच्या सावलीत बसू शकतात, एवढी.

वाहनतळ लांब आहेत. तिथून मैदानापर्यंत चालत यायचं. नव्याने येणाऱ्यांची रीघ चालू आहे. मैदान भरत आलं आहे आणि लोक दाटीने बसले आहेत. दाटीचा परिणाम मोठा असतो. माणसांच्या मध्ये वारा खेळत नाही. बसलेला प्रत्येक माणूस स्वतः उष्णता बाहेर टाकत असतो, ती शेजाऱ्याला लागते. खालची जमीन तापते ती वेगळीच.

साडेआठला कार्यक्रम संपून ही माणसं परतीच्या वाटेवर लागली असती, तर या लेखाची गरज पडली नसती.

सकाळी दहा

सावली चार फुटांवर आली आहे. पदर डोक्यावर घेतला आहे. बाटलीतलं पाणी अर्ध्याखाली आहे आणि कोमट झालं आहे.

आता तिच्या शरीरात काय चाललं आहे ते पाहू. शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलं तरच मेंदू, यकृत, मूत्रपिंड नीट चालतात. ते राखण्यासाठी हृदय जास्तीत जास्त रक्त कातडीकडे ढकलतं, म्हणजे उष्णता बाहेर पडेल. त्यासाठी ते जोरात धडधडतं. बसल्याजागी तिचं हृदय चढण चढल्यासारखं काम करतं आहे. घामावाटे तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी सहज जातं, कधी त्याहून जास्त. बरोबर मीठही जातं. तिने घेतलेल्या गोळीचा प्रकार कोणता, यावरही आता बरंच अवलंबून आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात, काही हृदयाचा वेग वाढू देत नाहीत. एरवी जी गोळी तिला जगवते, तीच आज आड येऊ शकते. मधुमेह असेल, पोट रिकामं असेल, तर भर आणखी.

तिला मळमळतं आहे. डोकं ठणकतं आहे. ती शेजारणीला काही बोलत नाही. श्रद्धेने आलेला माणूस अशा वेळी उठत नाही. उठणं त्याला अपुरेपणाचं वाटतं. ही निष्ठा मोठी आहे, तिच्याबद्दल एक शब्दही वावगा काढण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ज्याने एवढ्या निष्ठावान माणसांना बोलावलं, त्याने हे धरून चालायला हवं होतं, की ही माणसं त्रास झाला तरी जागा सोडणार नाहीत. त्यांची काळजी त्यांच्यावर सोपवून चालणार नव्हतं.

साडेअकरा

मुख्य सोहळा साधारण आता सुरू होतो. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस मंचावर आहेत. मानपत्र, भाषणं, टाळ्या. पुरस्काराचे २५ लाख रुपये आप्पासाहेबांनी मुख्यमंत्री साहाय्यता निधीला देऊन टाकले.

सूर्य ७१ अंशांवर. बाईची सावली वीस इंच.

बारा अडतीस

खारघरच्या रेखांशावर खरी माध्यान्ह बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावरून घेतलेली असल्याने आपल्याकडे सूर्य सर्वांत उंच येतो तो १२ वाजून ३८ मिनिटांच्या आसपास. त्या वेळी तो ८१ अंशांवर होता. पाच फूट उंचीची व्यक्ती तेव्हा ताठ उभी राहिली असती तर तिची सावली पडली असती साडेनऊ इंच. पायांच्या पंजाएवढी. बसलेल्या माणसाची त्याहून कमी. एकाने दुसऱ्यावर धरावी अशी सावली त्या अख्ख्या मैदानात कोणापाशी उरली नव्हती.

जवळच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी कमाल तापमान ३८ अंश नोंदलं गेलं. ऐकायला हा आकडा फार वाटत नाही, आणि घोळ इथेच होतो. पहिली गोष्ट, हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. ३८ अंश हे सावलीतलं तापमान आहे, आणि सावलीत तर कोणी नव्हतं. दुसरी गोष्ट ओलाव्याची. हवा ३८ अंश असताना आर्द्रता ४५ टक्के असली, तर शरीराला ती ४५-४६ अंशांसारखी भासते. थेट उन्हात बसलं तर त्यात आणखी सात-आठ अंशांची भर पडू शकते. आपण बातम्यांत ऐकतो तो आकडा आणि मैदानात बसलेल्या शरीराने सोसलेला आकडा यांच्यामधल्या अंतरात त्या दिवशी माणसं गेली.

शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की त्याला उष्माघात म्हणतात. मग माणूस असंबद्ध बोलू लागतो, चालताना झोकांड्या खातो, काहींचा घामच थांबतो, झटके येतात. पाहणाऱ्याला वाटतं, भोवळ आली, जरा पडू दे. पण आत यकृत, मूत्रपिंड, रक्त गोठवण्याची व्यवस्था एकेक करून कोलमडू लागलेली असते.

दुपारी एक

सोहळा आटोपला. लाखो माणसं एकदम उठली.

कित्येक तास उन्हात बसलेला, पाणी कमी झालेला माणूस झटकन उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यातच गर्दीचा रेटा, आणि वाहनतळापर्यंत भर दुपारी पायपीट. चेंगराचेंगरी झाल्याचे आरोप पुढे झाले, सरकारने ते नाकारले. गर्दीत कोसळलेल्या माणसापर्यंत पोचायला वेळ लागतो, एवढं मात्र कोणीही नाकारू शकत नाही.

उष्माघातात पहिला अर्धा तास सगळं ठरवतो. जगभरच्या डॉक्टरांचा नियम आहे, आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावा, शक्य असेल तर बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. आपल्याकडे उलटं होतं. माणूस पडला की त्याला उचलून रुग्णवाहिकेत घालायची घाई होते, आणि वाहन गर्दीत अडकतं. आत तो तापतच राहतो. मैदानाच्या कडेला बर्फ, पाण्याचे टब आणि ते वापरायला शिकलेली माणसं हवीत. रुग्णवाहिकांची संख्या हे त्याचं उत्तर होत नाही.

संध्याकाळ आणि रात्र

शंभराहून अधिक जणांना त्रास झाला होता. काहींवर मैदानातच उपचार झाले, गंभीर रुग्णांना कामोठ्याच्या एमजीएमसह आसपासच्या रुग्णालयांत हलवलं. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री रुग्णालयात आले, रात्री विरोधी पक्षनेतेही येऊन गेले. रात्रीपर्यंत ११ मृत्यू जाहीर झाले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये आणि जखमींवर मोफत उपचार, अशी घोषणा झाली. पुढच्या काही दिवसांत मृतांचा आकडा १४ वर गेला. त्यांत बायका जास्त होत्या. बहुतेकांच्या पोटात सहा-सात तास अन्न गेलेलं नव्हतं, असं शवविच्छेदनाच्या हवाल्याने वर्तमानपत्रांत आलं.

त्याच रविवारी दीड हजारांहून अधिक किलोमीटरवर, पश्चिम बंगालच्या सरकारने उष्म्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर शाळा-महाविद्यालयं बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने पुढे मे महिन्यात भारत-बांगलादेशातल्या त्या एप्रिलच्या दमट उष्म्याचा अभ्यास मांडला. माणसाने केलेल्या हवामानबदलामुळे असा उष्मा येण्याची शक्यता किमान तीस पटींनी वाढली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९ एप्रिल आणि नंतर

राज्याने दोन गोष्टी केल्या. दुपारी १२ ते ५ या वेळेत, तापमान उतरेपर्यंत, उघड्या मैदानावर सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असं मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी जाहीर केलं. आणि अपर मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली, तिला एक महिन्याची मुदत दिली.

बारा ते पाचचा निर्णय योग्यच होता. तो तीन दिवस आधी घेता आला असता, हे दुःख आहेच. पण दर उन्हाळ्यात एखाद्या मंत्र्याच्या घोषणेवर हे सोडून चालणार नाही. घोषणा ऋतूबरोबर विरते. नियम लागतो, लेखी, कायम, आणि सरकारलाही बांधील ठेवणारा. खारघरमध्ये नेमकी अडचण ही होती, की कार्यक्रम करणारं सरकार आणि परवानगी देणारी यंत्रणाही सरकारचीच. पोलीस, महापालिका, सिडको यांच्यापैकी कोणता अधिकारी उठून म्हणणार होता, की साहेब, ही वेळ चालणार नाही? त्याच्या हातात एक छापील नियम असता तर तो निदान फाईलवर शेरा लिहू शकला असता.

अडचणीचं दुसरं मूळ दिल्लीत आहे. आपत्ती निवारण निधीतून मदत मिळण्यासाठी केंद्राची जी १२ आपत्तींची यादी आहे, तीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, दरड, ढगफुटी, अगदी थंडीची लाटसुद्धा होती. २०२३च्या त्या एप्रिलमध्ये उष्णतेची लाट तीत नव्हती. राज्यांना स्वतःच्या पातळीवर अशी आपत्ती जाहीर करून निधीचा दहा टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येतो. केरळने २०१९ मध्ये ते केलं होतं. यादीत नाव असणं ही नुसती कागदाची बाब नाही. नाव असलं की अधिकारी ठरतो, पैसा ठरतो, सराव होतो, आणि चूक झाली तर कोणाला विचारायचं हेही ठरतं. चक्रीवादळाच्या बाबतीत आपण हे करून दाखवलं आहे. ‘निसर्ग’ वादळ जून २०२० मध्ये याच रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा हजारो माणसं आधीच हलवली गेली होती.

उन्हाच्या बाबतीतही करून दाखवणारं शहर शेजारीच आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त नोंदले गेले. महापालिका हादरली. तिने डॉक्टर आणि संशोधकांना बरोबर घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातला तो पहिला. पाऱ्याच्या अंदाजाप्रमाणे पिवळा, नारिंगी, लाल इशारा, इशाऱ्याबरोबर कोणत्या खात्याने काय करायचं याची यादी, दवाखान्यांत बर्फ, बागा दुपारी उघड्या, झोपडपट्टीत पाणी, गरीब वस्त्यांच्या पत्र्यांना पांढरा चुना. पुढच्या अभ्यासात असं दिसलं, की या आराखड्याने वर्षाला हजारावर मृत्यू टळले असावेत. त्यात फार अवघड असं काहीच नाही. वेळ, पाणी, सावली, आणि कोणाला फोन करायचा याचा एक कागद.

गर्दी आणि ऊन यांचं गणित चुकतं तेव्हा श्रीमंत देशही सुटत नाही. जून २०२४ मध्ये हजयात्रेत १,३०१ माणसं गेली. हा सौदी सरकारचा अधिकृत आकडा आहे. यांतल्या बहुतेकांची नोंदणी झालेली नव्हती, म्हणजे वातानुकूलित तंबू आणि बस त्यांच्या वाट्याला आले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या कसरती पाहायला लाखो लोक उन्हात थांबले आणि पाच जण दगावले. तो महिना ऑक्टोबरचा होता, हे पनवेलकरांनी खास लक्षात ठेवावं. कोकणात ऑक्टोबरचं ऊन एप्रिलच्या उन्हाला मागे टाकत नसलं तरी त्याच्या पाठोपाठ चालतं.

पनवेल महापालिका २०१६ साली झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशी सिडकोने वसवलेली उपनगरं आणि त्यांच्या मध्ये अडकलेली जुनी गावं तिच्या पोटात आहेत. खाडीलगतची शेती आणि मिठागरं जाऊन काँक्रीट आलं, आणि काँक्रीट दिवसा साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतं. इथली मोठी मैदानं राजकीय सभांना, धार्मिक सत्संगांना, गाण्यांच्या कार्यक्रमांना यापुढेही लागणारच. मुंबईत आता तेवढी मोकळी जागा उरलेली नाही. अशा शहराला स्वतःचा उष्णता आराखडा हवा, आणि त्यात मोठ्या गर्दीसाठी स्वतंत्र प्रकरण हवं. मार्च ते जून आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत उघड्यावरच्या कार्यक्रमाला परवानगीच नको. छप्पर किती माणसांवर आहे, हे अर्जात लिहायला लावा. बायकांची शौचालयं मोजा. बर्फाचे टब मोजा. आणि अर्जदार मंत्रालय असेल तरी अर्ज तोच ठेवा.

त्यानंतरचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार ज्येष्ठ अभिनेते अशोक सराफ यांना मिळाला. तो सोहळा फेब्रुवारी २०२४ मध्ये वरळीला झाला, बंदिस्त सभागृहात. वेळ आणि जागा बदलता येते, हे सरकारने स्वतःच दाखवून दिलं.

वाचकांकडे माझं एक मागणं आहे. येत्या चैत्र-वैशाखात उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाचं निमंत्रण घरी आलं, मग ते कोणाचंही असो, तर आधी पत्रिकेवरची वेळ पाहा. दुपारची असेल तर खालच्या नंबरवर फोन करा आणि विचारा, मांडव किती माणसांवर आहे? उत्तर मिळालं नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठवू नका, आणि महापालिकेला तसं लेखी कळवा.